आकड्यावर ठेवलेला अंगठा

आधी विभाताईंचं नाव लिहितो. मागून लिहायचं ठरवलं तर रागाच्या भरात बाकीच्यांचीच नावं पुढे येतील, आणि त्यांचं नाव शेवटी लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'सारखं कोपऱ्यात बसेल. मला इंग्रजी वाचायला विभाताईंनी शिकवलं. कोथरूडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या गेमिंग कॅफेत, खेळांचे रिव्ह्यू वाचायला लावून. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला लोक सल्ले देतात. सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे, अजून वय गेलेलं नाही. विभाताईंनी सल्ला दिला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पुण्यात मला सल्ले देणारे पुष्कळ भेटले. शेजारी बसणारं माणूस एकच.

मटार आला की ते दिवस येतात. डिसेंबरात मार्केट यार्डात मटाराच्या गोण्या उतरायला लागतात तेव्हा थंडी अशी असते की हमालांच्या तोंडातून बोलण्याआधी वाफ निघते. हे ट्रक जबलपूरकडून येतात, नागपूरवरून, म्हणजे माझ्या भंडाऱ्याच्या अंगानेच. गोणीवर हात ठेवला की उगाच वाटतं, हिच्यावर घरची थोडी धूळ असेल. मी तेव्हाही टेम्पो चालवायचो, आताही चालवतो. यार्डातून भाजी भरायची, कोथरूडच्या दुकानांना आणि खानावळींना टाकायची. सकाळ संपता संपता मोकळा. मग दुपार अंगावर यायची. घरून फोन आला तर भीती, नाही आला तर जास्त भीती. टेम्पो उचलून नेतील का, मालक उद्या ये म्हणेल ना, खोलीवाला भाडेकरू बदलणार तर नाही. मला घाबरायला कारण लागत नाही, नुसता मोकळा वेळ पुरतो.

यंदा मटार आला आणि त्याच आठवड्यात 'सरकार'चा दुसरा भागही आला. यार्डातला एक पोरगा गोणीवर बसून मोबाइल दाखवत होता. "दादा, बघा, दहापैकी दहा! सगळ्यांनी दहा दिलेत!" माझी कानशिलं एकदम तापली. त्याला वाटलं, थंडी वाजतेय. त्याने चहा सांगितला.

सरकार हे त्या खेळाचं खरं नाव नाही. खरं नाव लिहिलं तर आजही दोन तट पडतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. आमच्या कॅफेत त्याला सरकार म्हणत, कारण तो तीनदा पुढे ढकलला गेला होता आणि दर वेळी आश्वासनं वाढत होती. घोड्यावर बसून कुठेही जा, हवं त्याच्याशी बोला, हवी ती बाजू घ्या. तिथल्या प्रत्येक गावातल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं आयुष्य आहे, असं कंपनी सांगत होती. मुलं त्याची जाहिरात इतक्या वेळा बघायची की जाहिरातीतल्या वादळाची वेळ त्यांना पाठ होती.

कॅफे जोशीकाकांचा. कडाक्याची थंडी असो नसो, स्वेटर आणि कानटोपी. भिंतीवर त्यांच्या हातची पाटी: 'आरडाओरडा खेळातील पात्रांनी करावा. त्यांना ते काम दिलेले आहे.' मी तिथे पहिल्यांदा गेलो तो त्याच मजल्यावरच्या खानावळीत भाजी टाकताना दारातून दिसलेल्या एका घोड्यामुळे. पडद्यावर, कुठल्याशा जुन्या खेळात, ओल्या गवतातून एक घोडा एकटा चालला होता आणि मला आमच्या वैनगंगेच्या काठाचा वास आला. खोटं वाटेल, पण आला.

खेळायला बसलो खरा, पण खेळात करायचं काय ते सगळं इंग्रजीत लिहिलेलं. कुणीतरी म्हातारा वाटेत थांबवून काहीतरी काम सांगायचा, खाली अक्षरं यायची, मी मान हलवून पुढे जायचो. काम कळत नाही म्हटल्यावर मी नुसता हिंडायचो. कंटाळा आला की एखादा गाववाला निवडायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं. तो कुठे जातो, कुठे बसतो, घरी जातो की नाही. ओळख नसलेल्या शहरात माझी तीच सवय होती. पुण्यातही सुरुवातीला मी असाच माणसं बघत हिंडलो होतो.

एक दिवस शेजारच्या मशीनवरून आवाज आला, "अहो, तुम्ही मघापासून त्या कोळ्याच्या मागे चालताय. त्याने काही चोरलंय का तुमचं?"

विभाताई. हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या, सुट्टीच्या दिवशी इथे यायच्या. कॉलेजात असल्यापासून यायच्या. त्याआधी आमची एकदाच गाठ पडली होती, माझा टेम्पो त्यांच्या स्कूटरच्या आडवा उभा होता तेव्हा. "हा रस्ता आपण विकत घेतला असेल तर खरेदीखत दाखवा, म्हणजे मी रिक्षाने जाते," असं म्हणाल्या होत्या. त्यामुळे मी घाबरलोच.

"काम काय सांगतो ते वाचता नाही येत, ताई."

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं असतं तर मी परत गेलो नसतो. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मग हा कोळी जातो कुठे?"

"कुठंच नाही जात. पुलापर्यंत जाते अन् परत येते."

"हे मला कधी दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मला 'तू' म्हणायला लागल्या.

रिव्ह्यू त्यांनीच निवडले. म्हणाल्या, शाळेचं पुस्तक उघडलंस की तुला शाळा आठवेल, हे वाच. पहिला नियम असा: पान उघडलं की आकडा झाकायचा. रिव्ह्यूच्या डोक्यावर खेळाला दिलेले गुण मोठ्या अक्षरात असतात, त्यावर अंगठा ठेवायचा. मग शेवटपर्यंत वाचायचं. वाचून झाल्यावर आपण मनात किती दिले ते बघायचं, आणि मगच अंगठा काढायचा. जोशीकाका कुरकुरायचे, पडद्यावर ठसे उमटतात म्हणून. विभाताई ओढणीने पुसून टाकायच्या. "हाऊएव्हर हा शब्द आला की सावध हो. त्याच्या आधीचं सगळं सौजन्य, त्याच्या नंतरचं खरं."

मी गोगलगायीसारखा वाचायचो. एक परिच्छेद म्हणजे एक दुपार. दोन पावसाळे गेले, गणपती आले-गेले, आणि एकदा टेम्पो चालवताना एका होर्डिंगवरचं अख्खं वाक्य मी न थांबता वाचलं. सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही. मागून आलेली शिवी मला आशीर्वादासारखी वाटली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या डिसेंबरात कॅफेत काय झालं ते याच्याशिवाय कळणार नाही.

विभाताई स्वतः रिव्ह्यू लिहीत. पुण्यातलीच एक छोटी वेबसाइट होती, तिला नवे खेळ आधी मिळायचे. नावाच्या जागी एकच अक्षर असायचं, 'व्ही'. कॅफेत हे फक्त मला माहीत होतं. "सांगू नकोस," त्या म्हणाल्या होत्या, "मला इथे खेळायला यायचं असतं, उत्तरं द्यायला नाही." सरकार त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी आठवडाभर रजा टाकली. घरच्या साध्या मशीनवर खेळल्या. लिहून झाल्यावर ते लिखाण छापण्याआधी माझ्या हातात दिलं. "तू आधी वाच. जिथे अडशील तिथे चूक माझी समजायची."

मी वाचलं. अंगठा ठेवायची गरजच नव्हती, आकडा अजून घातला नव्हता. त्यात कौतुक केवढं होतं! वाऱ्याने वाकणारं पीक, पाऊस आला की भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे लोक, एका पुलावर त्या नुसत्या उभ्याच राहिल्या होत्या, पलीकडे दिवे लागेपर्यंत. मग हाऊएव्हर. पुढे पुढे गेलं की खेळ मोडतो. साध्या मशीनवर गोठतो. जपून ठेवलेली वाटचाल पुसून जाते आणि माणूस पुन्हा पहिल्या गावात येऊन पडतो. आणि मग एक परिच्छेद होता, तो मी परत परत वाचला, कारण मला माझ्या वाचण्यावर विश्वास बसेना. लिहिलं होतं: माझा एक मित्र आहे. जगाची परीक्षा कशी करायची ते मी त्याच्याकडून शिकले. एक माणूस निवडायचा आणि दिवसभर त्याच्या मागे चालायचं. मी या खेळातल्या एका माणसाच्या मागे दिवसभर चालले. तो विहिरीभोवती फिरत होता. प्रत्येकाला आयुष्य देऊ म्हणाले होते. त्याला एक विहीर दिली.

मित्र. इंग्रजीत, छापून येणार होतं. नववीत वर्गशिक्षकांनी माझ्या नावापुढे नुसती रेघ मारली होती, त्यानंतर माझ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं हे पहिलंच.

रिव्ह्यू सगळीकडे एकाच दिवशी बाहेर आले. खेळ यायला अजून आठवडा होता. जोशीकाकांच्या फळ्यावर दर लिहिलेले असत, त्याच्या बाजूला मुलांनी जगभरातले आकडे मांडायला सुरुवात केली. हे त्यांचं नेहमीचंच. कुंडली जुळवावी तसे आकडे जुळवायचे. लिहिणारा चिन्मय, इंजिनिअरिंगचा, आवाजाने सगळ्यांचा पुढारी. दहा. दहा. साडेनऊ. दहा. प्रत्येक दहाला टाळ्या. आणि मग, "सहा? सहा! कोण आहे हा टिनपाट?"

विभाताई तिसऱ्या मशीनवर होत्या. मी त्यांच्या मागे.

"पुण्यातलाच आहे, नाव सांगायची पण हिंमत नाही. व्ही म्हणे!"

"प्रसिद्धीसाठी करतात रे असं."

"अरे, याला खेळता येत नसेल. घोड्यावरून पडला असेल पहिल्याच गावात."

विभाताईंनी मान न वळवता विचारलं, "कारण काय दिलंय त्याने?"

चिन्मय म्हणाला, "ताई, ज्याला सहा द्यावेसे वाटतात त्याची कारणं वाचायला मला वेळ नाहीये."

सगळे हसले. मला मात्र राहवलं नाही. एवढ्या लोकांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "तुम्ही पूर्ण वाचलं का पण?"

"तू वाचलंस?"

"हो."

आता हसू मोठं झालं. त्यात वाईट हेतू नव्हता असं कुणी म्हणेल. म्हणू दे. "बरं मग सांग, काय म्हणणं आहे साहेबांचं?"

मी सांगायला गेलो आणि घाबरलो की माझी भाषा घरी पळते तशी पळाली. "तुम्ही गोणीचं तोंड पाहून राहिले, बाप्पा. मटाराची गोणी तोंडावर हिरवीच दिसते. हात कोपरापर्यंत आत घालावा लागते. आत गरम लागलं का समजायचं, माल उकडला. यानं हात आत घातला, अन् गरम लागलं म्हणून सांगितलं. काहून चिडून राहिले त्याच्यावर?"

"ए मार्केट यार्ड," चिन्मय म्हणाला, "इथे गेमबद्दल चाललंय, भाजीबद्दल नाही." आणि मग, थोडं समजावल्यासारखं, "तुला इंग्रजी वाचता यायला लागलं ते चांगलंय रे. पण वाचणं वेगळं आणि रिव्ह्यू कळणं वेगळं."

मी बोलणारच होतो. हीच ती व्ही, इथेच बसलीय, हिला विचारा. पण विभाताईंनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे एकदा पाहिलं. दिलेला शब्द तोंडात धरून बसणं काय असतं ते त्या दुपारी कळलं. जोशीकाकांनी पाटीकडे बोट दाखवलं. आरडाओरडा थांबला.

कॅफेतला थांबला. वेबसाइटवर त्यांच्या लिखाणाखाली जे सुरू झालं ते थांबेना. मी प्रत्येक ओळ वाचत होतो. वाचायला शिकल्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. खेळ एकानेही हातात घेतलेला नव्हता. एकानेही! आणि शिव्या मात्र अशा, की जणू विभाताईंनी त्यांच्या ताटातलं उचललं. लिहिणारी बाई असल्याचा कुणालातरी संशय आला, मग तर काय. मला खाली उत्तर लिहायचं होतं. वाचता येत होतं, पण इंग्रजीत लिहिता येत नव्हतं. मराठीत लिहिलेली माझी ओळ त्या ढिगात कुठे गेली ते मलाही परत सापडलं नाही.

दोन-तीन दिवसांत वेबसाइटवाल्याने सहाचे आठ केले. विचारलंसुद्धा नाही. पुढचे खेळ मिळणं बंद होईल, ही भीती. खालचा मजकूर तसाच, विहीर तशीच, मोडणारा खेळ तसाच. फक्त डोक्यावरचा आकडा बदलला. आणि खाली कुणालाही ते खटकलं नाही, कारण खालपर्यंत कुणी येतच नव्हतं. चिन्मयने फळ्यावरचा सहा फडक्याने पुसला, आठ लिहिला आणि म्हणाला, "बघितलंत? दणका दिला की सरळ होतात."

विभाताई त्या दिवशी लवकर निघाल्या. जिन्यात मी म्हटलं, "ताई, आता तरी सांगतो."

"नको. सांगितलंस तर माफी मागतील, मग चहा पाजतील. इथला चहा वाईट असतो."

पुण्याच्या माणसाने विनोद केला की समजावं, दुखलंय.

मग सरकार आला. सकाळपासून जिन्यात रांग. जोशीकाकांनी कानटोपी काढली होती, म्हणजे प्रसंग मोठा. पहिले दोन दिवस नुसते उद्गार. मग एकाचा घोडा जमिनीत मानेपर्यंत रुतला आणि तसाच धावत राहिला. दुसऱ्याच्या पडद्यावर बाजारातली सगळी माणसं एकाच तोंडाची झाली. मशीनं गोठायला लागली. आणि रविवारी चिन्मयची सगळी वाटचाल पुसली गेली. तो पुन्हा पहिल्या गावात, त्याच म्हाताऱ्यासमोर, रिकाम्या हातांनी उभा. त्याचा चेहरा बघून मला क्षणभर वाईटही वाटलं. क्षणभरच.

"विकले गेलेत सगळे!" तो ओरडला. "दहा देतात! मोठमोठी नावं! एकाने तरी सांगायचं होतं. एकाने तरी!"

विभाताई तिसऱ्याच मशीनवर होत्या. त्यांचे हात थांबले. मी उभा राहिलो. या वेळी माझी भाषा पळाली नाही.

"एकाने सांगितलं होतं."

"कोणी?"

"व्हीने. हेच सगळं लिहिलं होतं. घोडा सोडून सगळं."

चिन्मयने फळ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, चिडवतही नव्हता. म्हणून तर मला ते अजून सहन होत नाही. अगदी सरळ चेहऱ्याने तो म्हणाला, "काहीतरीच काय? त्याने आठ दिले होते. तो बघ, बोर्डवर आहे."

मी बोर्डाकडे पाहिलं. आठ होता. त्याच्याच हातचा.

आजही मटाराच्या गोणीत हात घालताना ते वाक्य आठवतं आणि हात बाहेर काढल्यावरही तळवा गरम राहतो. लोक चुकतात, मान्य आहे. आवडत्या गोष्टीची बाजू घेतात, तेही मान्य. पण आपणच पुसलेलं आपणच विसरायचं आणि वर 'कुणी सांगितलंच नाही' म्हणून रडायचं, याला काय म्हणायचं? शिकलेली मुलं होती. माझ्या दसपट वेगाने वाचणारी. एक पान वाचणं त्यांना जड नव्हतं. त्यांना आकडा मिळाला की भूक भागायची. आणि कुणालाच लाज वाटली नाही. लाज वाटायला आधी आठवावं लागतं.

त्याच संध्याकाळी वेबसाइटवाल्याचा फोन आला. आम्ही जिन्यातच होतो. आता सगळीकडे वाहवा होतेय खऱ्या रिव्ह्यूंची, तुमचे सहा परत घालू का, आपण म्हणू की आम्ही आधीच सांगितलं होतं. विभाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नको. आठच राहू द्या. ते माझे नाहीतच, आपल्या वाचकांनी दिलेले आहेत. दिलेली वस्तू परत मागू नये." आणि फोन पर्समध्ये टाकून मला म्हणाल्या, "चल, स्कूटर काढायचीय. तुझा टेम्पो परत आडवा आहे."

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. काही महिन्यांनी वेबसाइटही गेली, आणि तिच्याबरोबर ती विहीर, तो पूल, तो मित्र. मी कागदावर उतरवून घ्यायला हवं होतं असं कुणी म्हणतं. मला त्याची गरज नाही, तो परिच्छेद मला पाठ येतो. कॅफेच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. जोशीकाका बाकावर बसलेले दिसतात, कानटोपीसकट. चिन्मय मोठ्या कंपनीत आहे, त्याची गाडी एकदा सिग्नलला शेजारी आली होती. त्याने काच खाली करून हाक मारली, "काय मार्केट यार्ड, कसं काय?" प्रेमाने मारली. मीही हात केला. राग असा हात करताना कुठे दडून बसतो, कळत नाही.

विभाताई मांजरी गावाच्या बाजूला नव्या सोसायटीत राहायला गेल्या. गेटच्या आत इमारत, बाहेर अजून उसाचं रान. परवा मटार द्यायला गेलो. दुसरा भाग आल्याचं त्यांना माहीत होतं. "खेळताय?" विचारलं. "खेळतेय की." "मग लिहा ना, ताई." शेंगा सोलत म्हणाल्या, "लिहिलं नाही की झोप छान लागते रे." पण बोलता बोलता सांगून गेल्या की या भागात एक पाणक्या आहे, त्याच्या मागे त्या तीन दिवस चालल्या, आणि तो आजारी बायकोला बघायला दुसऱ्या गावी गेला. डोळे असे चमकले होते की मला कळलं, लिखाण आत सगळं तयार आहे. हे मी लिहितोय तेही त्यांना विचारूनच. "लिही," म्हणाल्या, "फक्त मला गुण देऊ नकोस."

नाही देत. पण ताई, एक सांगून ठेवतो. तुम्ही शेजारी बसलात ते फेडायचं माझ्याकडून राहिलंय. त्या वेळी तुमच्या लिखाणाखाली एवढी गर्दी होती आणि तुमच्या बाजूची एक ओळ नव्हती, कारण जो लिहिणार होता त्याला लिहिता येत नव्हतं. आता येतं. यार्डातून परत आलो की रोज बसतो. अजून चुकतो, पण येतं. तुम्ही कधी पुन्हा लिहाल, या मटारात नाहीतर पुढच्या, तेव्हा मी आकड्यावर अंगठा ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत वाचीन, आणि खाली पहिली ओळ माझी असेल. पूर्ण वाचलं, असं लिहीन. पुढे माझं आख्खं नाव, आणि गावाचंही.